हॉर्न दिला होता की!

आमचा मेहुणा घरी येतो तेव्हा त्याच्या आधी त्याचा हॉर्न येतो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. खाली घंटा आहे, वर घंटा आहे, मेहुण्याच्या एका खिशात एक आणि दुसऱ्या खिशात एक असे दोन फोन आहेत. परंतु सोसायटीच्या फाटकापाशी गाडी उभी करून 'पँ... पँपँ' असा त्र्यक्षरी मंत्र म्हटल्याशिवाय आपण आलो असं त्याचं त्यालाच वाटत नाही. पहिल्या 'पँ'ला वॉचमन फाटक उघडतो, दुसऱ्याला आमची ही गॅसवर चहाचं आधण ठेवते आणि तिसऱ्याला तळमजल्यावरचे आजोबा, जे दुपारी दोन ते चार झोपतात, ते खाटेवर उठून बसतात. तीन अक्षरांत तीन माणसं कामाला लावणारा मंत्र एखाद्या ऋषीलाही सुचला नसेल.

एकदा मी धीर करून म्हणालो, "अरे, फोन करत जा की."

"भाऊजी," तो म्हणाला, "हॉर्न हा संस्कृतीचा प्रश्न आहे."

आता आपल्याकडे एखाद्या गोष्टीचं समर्थन करता येईनासं झालं, की माणूस तिला संस्कृती म्हणतो. उशिरा येणं ही संस्कृती, रांगेत काकांना मध्येच घुसवणं ही संस्कृती, मांडवात रात्री बारापर्यंत ढोल ही तर साक्षात संस्कृती. त्यात हॉर्नची भर पडली. मेहुणा निर्यातीच्या धंद्यात असल्यामुळे त्याने जग पाहिले आहे, आणि जग पाहिलेल्या माणसाशी वाद घालणे फार कठीण. आपण सदाशिव पेठेपर्यंत जातो, तो कैरोपर्यंत जातो.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. जर्मनीत हॉर्न म्हणजे शिवी. जपानात कुणी वाट दिली की हॉर्नला हलकेच टिचकी मारतात. तिथे हॉर्न म्हणजे आभार. कैरोचे टॅक्सीवाले हॉर्नवर अख्खं संभाषण करतात. आणि आपल्याकडे हॉर्न म्हणजे नुसतं 'राम राम, मी आलो.' "म्हणजे शिव्या देणारे ते," मेहुणा चहाचा घोट घेऊन म्हणाला, "आणि राम राम करणारे आपण असंस्कृत? हा कुठला न्याय?"

मी दोन दिवस निरुत्तर होतो. शिवाय त्याचं सगळंच काही खोटं नव्हतं. जपानात ती आभाराची टिचकी खरोखरच मारतात. (कायद्याने तीही मना आहे. धोका टाळायचा असेल किंवा पाटीच लावलेली असेल तरच तिथे हॉर्न वाजवायचा. पण आभार मानल्याबद्दल कुणाला दंड करायचा म्हणजे जपानी पोलिसालाही संकोच वाटत असेल.) तिसऱ्या दिवशी अंघोळ करताना मला उत्तर सुचलं. ते मेहुण्याला सांगायची सोय नाही, कारण तो मध्येच बोलतो. सबब इथे लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे, मराठीत हॉर्न तीन प्रकारचे असतात. एक वाजवतात, एक मारतात आणि एक देतात. वाजवणारा हौशी असतो. नवी गाडी, नवा हॉर्न, चार दिवसांचा खेळ. मारणारा रागीट, पण राग ओसरला की तो थांबतो. खरा धोकादायक तो देणारा. तो शांत असतो. त्याच्या चेहऱ्यावर कर्तव्य पार पाडल्याचं समाधान असतं. कोर्टाचा बेलीफ जसा नोटीस बजावून निघून जातो आणि पुढे तुमचं घर राहो की जावो, तसा हा हॉर्न देतो. दिला म्हणजे त्याची जबाबदारी संपली. इथून पुढे जे काय होईल ते ऐकणाऱ्याचं.

राम राम म्हणणारा माणूस निदान समोरच्याकडे बघतो तरी. शिवाय कुणी राम राम केला, तर उडी मारून बाजूला व्हावं लागत नाही.

मुलीकडे स्टुटगार्टला आम्ही 2024 च्या उन्हाळ्यात तीन महिने होतो. तिथे मला काहीच काम नव्हतं. भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन वाळवायचं. म्हणून मी हॉर्न मोजायला लागलो. पहिल्या महिन्यात डायरीत चार हॉर्न जमा झाले. हा पुण्यातल्या एका सिग्नलचा, दिवा हिरवा झाल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या सेकंदाचा हिशेब झाला. त्या चारांतला एक खास माझ्यासाठी होता. जन्माच्या सवयीने मी उजवीकडे बघून रस्त्यात पाय टाकला आणि तिथली वाहनं तर डावीकडून येतात. एक निळी मोटार माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर थांबली. आणि मग हॉर्न वाजला.

वाचकांनी कृपा करून हा क्रम लक्षात घ्यावा. गाडी आधी थांबली, हॉर्न नंतर वाजला. तो हॉर्न ही शिवी होती यात शंका नाही. मेहुण्याचा मुद्दा मान्य. काच खाली करून त्या बाई आणखीही काही बोलल्या, ते सुदैवाने जर्मनमध्ये होतं. पण ती शिवी मला सगळे अवयव जागच्या जागी असताना मिळाली. आपल्याकडे ब्रेकच्या जागी हॉर्न लावतात, तिथे ब्रेकनंतर लावतात. सगळा फरक एवढाच आहे, आणि त्याला संस्कृती म्हणण्यापेक्षा पायाचा आळस म्हणणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. ब्रेक दाबायला पाय उचलावा लागतो, पुन्हा वेग घ्यायला पेट्रोल लागतं; हॉर्नला नुसता अंगठा पुरतो, आणि खर्च होतो तो दुसऱ्याच्या कानाचा.

बरं, जर्मनांच्या हाताला हॉर्न ठाऊकच नाही असंही नव्हे. एका शनिवारी खालच्या रस्त्यावरून दहा-बारा मोटारी एकदम कर्णे फुंकत निघाल्या. मी आनंदाने बाल्कनीत धावलो. गाव आठवलं! लग्नाची वरात होती; नवरानवरीची गाडी पुढे, आरशांना पांढऱ्या फिती आणि मागे सगळे वऱ्हाड हॉर्न दाबून. त्याच सुमारास फुटबॉलची युरोपातली मोठी स्पर्धा जर्मनीत चालू होती. तुर्कस्तान जिंकल्याच्या रात्री तिथल्या तुर्की मंडळींनी गाड्यांना झेंडे बांधून असा काही गजर केला, की मला गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत सापडल्यासारखं घरगुती वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गाड्या, त्याच बोटांनी चालवलेल्या, मुक्याने कामावर गेल्या. म्हणजे बोटांत काही कमी नव्हतं.

आणि मेहुणा ज्यांना जन्माचे शांत समजतो, ते तरी कुठे शांत होते? पॅरिसचंच घ्या. जॉर्ज गर्श्विन नावाच्या अमेरिकन संगीतकाराला तिथल्या टॅक्सीच्या भोंग्यांनी एवढी भुरळ घातली, की ते भोंगे विकत घेऊन तो न्यूयॉर्कला गेला आणि 1928 साली वाद्यवृंदात व्हायोलिनांच्या जोडीला त्याने ते बसवले. पॅरिसची ओळख म्हणून आयफेल टॉवर नाही, अत्तर नाही, टॅक्सीचा हॉर्न! म्हणजे त्या काळी तिथली ती संस्कृतीच म्हणायची. मग 1954 साली द्युब्वा नावाचे एक पोलीसप्रमुख आले आणि त्यांनी शहरात हॉर्न बंद करून टाकला. संस्कृती कुठे गेली, कुणी शोधलंही नाही.

या उपद्व्यापाचा मूळपुरुष मात्र विसरून चालणार नाही. मिलर रीझ हचिसन नावाचे अमेरिकन गृहस्थ होते. 1908 च्या सुमारास 'क्लॅक्सन' नावाचा जो विजेवर कर्कशणारा हॉर्न बाजारात आला, तो त्यांचा. त्याच्या आधी काही वर्षं याच गृहस्थांनी बहिऱ्यांसाठी विजेवर चालणारं श्रवणयंत्र शोधून काढलं होतं. तेव्हा लोक थट्टा करायचे, की श्रवणयंत्राला गिऱ्हाईक कमी पडायला लागलं म्हणून यांनी हॉर्न काढला. डॉक्टरच डास पाळतोय असं कळल्यावर जसं वाटेल, तसं मला हे वाचून वाटलं.

"पण आपली हवाच वेगळी, भाऊजी," मेहुणा म्हणेल. "आपले रस्ते, आपली गर्दी, आपल्या म्हशी!" 2012 साली ऑडी कंपनीच्या भारतातल्या मुख्याधिकाऱ्यांनीही जाहीरपणे सांगून टाकलं होतं, की जर्मन माणूस वर्षभरात वाजवतो तेवढा हॉर्न मुंबईकर एका दिवसात वाजवतो आणि म्हणून भारतासाठी हॉर्न खास वेगळे मजबूत बनवावे लागतात. आमच्या मेहुण्याने ते कात्रण कित्येक दिवस पाकिटात ठेवलं होतं. एखाद्याने पोराच्या गुणपत्रिकेची घडी ठेवावी तसं.

आता म्हशीपुरतं सांगतो. म्हैस हा हॉर्नला अजिबात न घाबरणारा रस्त्यावरचा एकमेव प्राणी आहे. आणि म्हणूनच म्हशीला कुणी हॉर्न देत नाही. तिच्यापाशी आल्यावर सगळे मुकाट्याने ब्रेक लावतात. हॉर्न द्यायचा तो आपल्यापेक्षा लहानाला. ट्रक मोटारीला देतो, मोटार रिक्षाला, रिक्षा स्कूटरला, स्कूटर सायकलला, आणि सायकलवाला बिचारा घंटी वाजवून पायी चालणाऱ्याला. पायी चालणाऱ्याच्या खाली कुणी नाही. इतकी काटेकोर उतरंड ज्या गोष्टीत आहे तिला संस्कृती म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. आपल्याला उतरंडीचा अनुभव जुना आहे.

हवा-रस्ते-गर्दी यांचं म्हणाल, तर काठमांडूची हवा काही स्वित्झर्लंडची नाही. तेच अरुंद रस्ते, त्याच मोटारसायकली, त्याच आपल्याकडच्याच कारखान्यांतल्या बसगाड्या. 14 एप्रिल 2017 ला, त्यांच्या नववर्षाच्या दिवशी, तिथे विनाकारण हॉर्न वाजवायला बंदी झाली आणि शहर ओळखू येईना इतकं शांत झालं. बरं, ते परराष्ट्र म्हणून सोडा. आपल्याच देशात मिझोरामची राजधानी ऐजॉल आहे. डोंगराच्या कडेला चिकटलेलं गाव, चढउतार, वळणं, दुतर्फा गाड्या. हॉर्नला याहून उत्तम निमित्त मिळणार नाही. आणि तिथे हॉर्न जवळजवळ वाजतच नाही. दुचाक्या कडेने एका ओळीत, मोटारी दुसऱ्या ओळीत, पुढे तुंबलं तर सगळे उभे. मध्ये घुसायचंच नाही म्हटल्यावर बाजूला व्हायला सांगायचं कुणाला?

पाट्यांवर मात्र माझा विश्वास नाही. न्यूयॉर्कने चौकाचौकांत 'हॉर्न वाजवू नका, दंड 350 डॉलर' अशा पाट्या लावल्या होत्या. लोकांनी त्या वाचत वाचत हॉर्न वाजवला. शेवटी 2013 साली महापालिकेने पाट्याच उतरवल्या. आपण त्यांच्याही पुढे. आपण हॉर्न वाजवण्याचीच पाटी लावली, तीही 'प्लीज' म्हणून! ट्रकच्या पाठीवर लिहिलेलं ते 'हॉर्न ओके प्लीज' 2015 साली महाराष्ट्र सरकारने बंद करायला लावलं. त्या पाटीबद्दल मला थोडी माया आहे. रस्ता एकपदरी, ट्रकला उजवीकडे आरसा असलाच तर तो ड्रायव्हरच्या भांगासाठी. मागच्याने कळवल्याशिवाय पुढच्याला कळणार कसं? घाटात आंधळ्या वळणावर 'हॉर्न वाजवा' अशी पाटी आपल्याकडे आहे तशी जपानच्या डोंगरातही आहे. तिथे हॉर्न हा सज्जन माणूस आहे. पुढून येणाऱ्याला दिसत नाही ते तो सांगतो. पण हा सज्जन घाट उतरून शहरात आला आणि बिघडला. लक्ष्मी रस्त्यावर समोरच्या माणसाच्या मानेवरचा तीळसुद्धा स्पष्ट दिसत असताना त्याला 'मी इथे आहे' म्हणून कळवायचं म्हणजे काय!

कायदे आहेत. इंग्लंडात उभ्या गाडीतून हॉर्न वाजवायला मनाई आहे. आपल्याकडे तर गाडी उभी राहिल्यावरच हॉर्नला खरा कंठ फुटतो. आपल्या 2019 च्या कायद्यात विनाकारण हॉर्नला पहिल्यांदा 1000 आणि पुन्हा सापडलात तर 2000 रुपये दंड आहे. 2020 च्या जानेवारीत मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी एक फर्मास प्रयोग लोकांपुढे आणला. सिग्नलला आवाज मोजायचं यंत्र जोडलं. आवाज 85 डेसिबलच्या वर गेला, की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू! हॉर्न वाजवा आणि बसा. आपल्या स्वभावाचा इतका सखोल अभ्यास मी कुठल्या प्रबंधात पाहिला नाही. आणि नितीन गडकरींनी तर हॉर्नमधून बासरी, तबला, व्हायोलिन असे भारतीय वाद्यांचे सूर यावेत असा विचार मांडला. कल्पना मोठी रसिक आहे. पण मागून एकाच वेळी चाळीस तबले आणि साठ बासऱ्या आल्या, तर दाद देऊ का पळू, हे मला ठरवता येणार नाही.

मार्च 2020 नंतरचे ते दोन महिने आठवतात. रोज सकाळी कुठून तरी 'टुक्, टुक्, टुक्' असा आवाज यायचा. मला वाटलं कुणी तरी गाडी रिव्हर्स घेतोय. चौथ्या दिवशी हिने दाखवलं, समोरच्या उंबरावर तांबट पक्षी बसला होता. बारा वर्षं आम्ही त्या घरात राहतो. तो आमच्याही आधीपासून तिथे असावा.

हे सगळं मी एरवी गमतीवारी नेलं असतं. परंतु गेल्या वर्षी, कार्तिकात, ही मंडईतून भाजी घेऊन येत होती. रस्त्याच्या अगदी कडेने. फुटपाथ होता, पण त्यावर गाड्या लावलेल्या होत्या. मागून एक मोटारसायकल आली आणि हिच्या कानापाशी तिने हॉर्न दिला. गाडीचा धक्का लागला नाही. नुसत्या आवाजाने दचकून ही बाजूला झाली, पिशवीत पाय अडकला आणि उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं.

मुलगा वाईट नव्हता. तो थांबला, त्याने गाडी लावली, रस्त्यावर पसरलेले कांदे गोळा केले, शेजारच्या दुकानातून पाणी आणलं. मी पोचलो तेव्हा तो हिच्याजवळ उकिडवा बसला होता, चेहरा पार उतरलेला. मला बघून उभा राहिला आणि अगदी मनापासून, कळवळून म्हणाला, "काका, मी हॉर्न दिला होता की!"

मी काय बोलणार? तो खोटं बोलत नव्हता. दिला होता.

हिला माझ्या जुन्या मारुतीत बसवून मी निघालो. आता खरी लाज वाटायची गोष्ट सांगतो. हॉर्नविरुद्ध वर्तमानपत्रात आजवर तीन पत्रं लिहिलेला मी, त्या संबंध रस्त्यात हॉर्नवरचा तळवा उचलला नाही. हिचा हात सुजत चालला होता, ओठ दाबून ती बसली होती, आणि मी पँऽऽऽ करत होतो. कुणी हललं नाही! एकानेही वळून पाहिलं नाही. पुढच्या स्कूटरवाल्याने तर मागे न बघताच हाताने 'थांबा हो जरा' अशी खूण केली. त्याचं काय चुकलं? त्याच्या मागे रोजच कुणी तरी असं वाजवत असतं. गाडीत मोडलेलं मनगट आहे, हे सांगायला माझ्याकडे वेगळा हॉर्न कुठे होता? गोष्टीतल्या पोराने निदान स्वतः 'लांडगा आला' म्हणून ओरडून आपला विश्वास घालवला. इथे माझ्या वाटचं सगळ्या शहराने आधीच ओरडून ठेवलेलं.

"अहो," ही शेवटी म्हणाली, "तो बंद करा. हातापेक्षा डोकं जास्त दुखतंय."

इस्पितळाच्या अलीकडे 'शांतता क्षेत्र' अशी ठळक पाटी आहे. तिच्या खालून मी वाजवतच आत शिरलो. वॉचमन धावत आला, "साहेब, पाटी वाचता येत नाही का?" माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, आमची गोष्ट वेगळी आहे. मग वर, एक्स-रेच्या खोलीबाहेर, बाकावर दीड तास बसलो होतो. खिडकी रस्त्याकडे होती. ज्यांची ज्यांची गोष्ट वेगळी होती ते सगळे खालून जात होते.

सहा आठवडे प्लास्टर होतं. मेहुणा रोज फोन करून चौकशी करायचा. बहिणीवर त्याची फार माया. "त्या पोराला सोडलात कसा भाऊजी? पोलिसात द्यायला हवा होता!" असं तो दर फोनला म्हणायचा. आणि प्लास्टर काढायला मीच गाडी घेऊन येईन, असं त्याने बजावून सांगितलं होतं.

त्याप्रमाणे तो आला. दुपारचे पावणेतीन झाले होते.

पँ... पँपँ.

"आला बघा," ही म्हणाली आणि गळ्यात अडकवलेला हात सांभाळत तिने डाव्या हाताने गॅस पेटवला. खाली आजोबांची खाट करकरली.